कंपनीच्या ऑफरवर सरकारी मतदान लागलं तर कमिटीने काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत तुम्ही शॉप स्टुअर्ड, म्हणजे कामाच्या जागेवरचे युनियनचे प्रतिनिधी, आहात आणि यंदा वाटाघाटींच्या कमिटीवरही आहात. कंपनीचे ट्रक क्यूबेकला आणि अमेरिकेत जातात. जुना करार संपला, बोलणी अडली, तुम्ही संपाची ७२ तासांची नोटीस दिली. त्यावर कंपनीने कामगारमंत्र्यांना पत्र लिहिलं की कॅनडा पोस्ट या सरकारी टपालसंस्थेत केलंत तसं इथेही करा, आमची शेवटची ऑफर थेट कामगारांपुढे मतदानाला ठेवा. तुम्हाला विचारायचंय की हे होऊ शकतं का आणि झालं तर काय करायचं. शिवाय तुमचे वडील परळच्या गिरणीत होते आणि ते फोनवर म्हणाले, "अरे, गुप्त मतदान तर आम्ही मागत होतो. तुम्ही त्याला का घाबरताय?"

होऊ शकतं. तुमच्या आकाराच्या कंपनीसाठी मंत्री हे हत्यार काढतील याची शक्यता मला कमी वाटते, पण तयारी मात्र मतदान लागणारच आहे असं धरून करा. ती तयारी वाया जात नाही. मतदान लागलं नाही तर हीच माणसं आणि हीच कागदपत्रं संपात उपयोगी पडतात.

आधी वडिलांचा मुद्दा घेतो, कारण तुमच्या टर्मिनलवरचे निम्मे लोक मनातून हेच विचारत असणार.

१९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तरी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार बोलण्याचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, म्हणजे मान्यताप्राप्त युनियनकडे, होता. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, हे सरकारला दिसत होतं, पण कायद्याच्या कागदावर ते कुठेच नव्हतं. 'आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्हाला ठरवू द्या' यासाठी तेव्हा गुप्त मतदान हवं होतं. ती मागणी रास्तच होती.

तुमच्याकडे तो प्रश्न कधीच सुटलाय. कामगारांनी युनियन निवडली, सरकारी कामगार बोर्डाने तिला मान्यता दिली, कमिटी तुम्हीच निवडून दिलीत. आता मंत्री कामगारांना विचारणार ते असं: तुमच्या कमिटीला बाजूला ठेवा, कंपनीने लिहिलेला हा मजकूर आहे, हो की नाही? त्यात दुरुस्ती सुचवायला जागा नाही. मजकूर कंपनीचा आणि मुहूर्त मंत्र्यांचा. करार झाला की युनियनमध्ये मतदान होतंच, त्याला कुणाचा विरोध नाही. आणि उलट्या बाजूचं कलम कायद्यात नाही. युनियनची शेवटची मागणी कंपनीच्या भागधारकांपुढे मतदानाला ठेवा, असा आदेश कुठलाही मंत्री देऊ शकत नाही. वडिलांना हे सांगा, त्यांना पटेल.

आता कायदा. तुमची कंपनी प्रांतांच्या सीमा ओलांडते म्हणून तुम्हाला ओंटारिओ प्रांताचा नाही, केंद्राचा कॅनडा लेबर कोड लागू आहे. त्यातलं कलम १०८.१ सांगतं की संपाची किंवा टाळेबंदीची नोटीस गेली असेल आणि मंत्र्यांना ते जनहिताचं वाटलं, तर वादात उरलेल्या सगळ्या मुद्द्यांवरची मालकाची शेवटची ऑफर कामगारांपुढे मतदानाला ठेवण्याचा आदेश ते देऊ शकतात. मतदान घेण्याचं काम साधारणपणे कॅनडा इंडस्ट्रियल रिलेशन्स बोर्डाकडे जातं. बहुमत 'हो' म्हणालं तर ती ऑफर म्हणजेच करार. दोन्ही बाजूंना त्यावर सही करावी लागते आणि संप चालू असेल तर तो तिथेच थांबतो. बहुमत 'नाही' म्हणालं तर कायदा पुढे काहीच सांगत नाही. या शेवटच्या वाक्याकडे पुन्हा येईन.

तुमच्या शेजारच्या गोदामात वेगळी युनियन असेल आणि ते प्रांताच्या कायद्याखाली येत असतील, तर त्यांचं गणित वेगळं. ओंटारिओच्या कायद्यात मालकाला एकदा असं मतदान मागायचा हक्कच आहे. मागितलं की मंत्र्यांना लावावंच लागतं, जनहिताचा प्रश्न येत नाही. तिथल्या मित्रांचे अनुभव ऐका, पण हा फरक ध्यानात ठेवा.

कॅनडा पोस्टमध्ये काय झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. सुमारे ५५,००० कामगार १५ नोव्हेंबर २०२४ ला संपावर गेले. महिन्याभराने सरकारने त्याच कोडचं कलम १०७ वापरून त्यांना कामावर परत आणलं आणि जुने करार २२ मे २०२५ पर्यंत वाढवले. मध्ये विल्यम कॅप्लन यांची चौकशी झाली. पत्रांचं काम २००६ मधल्या साडेपाच अब्जांवरून २०२३ मध्ये २.२ अब्जांवर आलंय आणि संस्था जवळजवळ दिवाळखोरीत आहे, असं त्यांनी मे महिन्यात लिहिलं. मुदत संपताच युनियनने संप न करता ओव्हरटाइम बंद केला. २८ मे रोजी कंपनीने 'अंतिम ऑफर' दिली आणि लगेच मंत्र्यांकडे मतदान मागितलं. युनियन म्हणत होती लवादाकडे जाऊ. १२ जूनला मंत्री पॅटी हाजडू यांनी मतदानाचा आदेश दिला. २१ जुलै ते १ ऑगस्ट फोनवर आणि इंटरनेटवर मतं पडली. शहरी विभागात ६८.५ टक्के आणि ग्रामीण व उपनगरी विभागात ६९.४ टक्के लोकांनी ऑफर नाकारली.

एवढ्या तोट्यातल्या संस्थेत, वर्षभराच्या अनिश्चिततेनंतर, दर तिघांतले दोन जण 'नाही' म्हणाले. का? माझ्या मते पगारापेक्षा शनिवार-रविवारच्या कामासाठी आणायच्या पार्ट-टाइम लोकांमुळे. पगाराचा आकडा माणूस एकदा वाचतो. आपल्या ड्युटीचं काय होणार ते तो रोज डोक्यात घोळवतो.

याच कलमाचा आधीचा मोठा दाखला ओटावाचा. तिथल्या बसेस नदी ओलांडून क्यूबेकमधल्या गॅटिनोला जातात, म्हणून शहराची बससेवाही केंद्राच्या कायद्याखाली येते. १० डिसेंबर २००८ ला ऐन हिवाळ्यात संप सुरू झाला. भांडण मुख्यतः ड्रायव्हरांनी ड्युट्या सिनिऑरिटीने निवडायच्या की व्यवस्थापनाने लावायच्या, यावर होतं. तेव्हाच्या मंत्री रोना अँब्रोस यांनी जानेवारीत मतदान लावलं. लोक बर्फात चालत कामाला जात होते, शहर ड्रायव्हरांवर चिडलेलं होतं. महापालिकेला वाटलं आता ड्रायव्हर वाकतील. सुमारे ७५ टक्क्यांनी नकार दिला. संप महिनाअखेरपर्यंत चालला आणि शेवटी प्रकरण लवादाकडे गेलं.

म्हणजे कामगार नेहमी 'नाही'च म्हणतात का? तसं समजून गाफील राहू नका. ओंटारिओच्या कॉलेजांमधल्या प्राध्यापकांची दोन उदाहरणं माझ्या कामात मी सारखी सांगतो. २०१० मध्ये त्यांनी संपाला जेमतेम ५७ टक्के मतं दिली होती. व्यवस्थापनाने ऑफर मतदानाला लावली आणि ती निसटत्या बहुमताने, ५१ टक्क्यांच्या आसपास मतांनी, मंजूर झाली. २०१७ मध्ये संपाला ६८ टक्के होते. महिनाभर संप चालल्यावर तसंच मतदान लावलं गेलं, तेव्हा ८६ टक्क्यांनी ऑफर फेकून दिली. संस्था तीच, पेशा तोच. फरक पडला तो आधीच्या महिन्यांत कमिटी आणि सभासद यांच्यात काय बोलणं झालं होतं, त्याने.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुम्हालाच आहे: तुमच्या संपाच्या मतदानात किती टक्के पडले, आणि मुळात किती जण मत द्यायला आले? आकडा ८५ च्या वर आणि हजेरी चांगली असेल तर तुमच्यापुढचं काम सांभाळण्याचं आहे. साठीच्या घरात असेल तर तुमची खरी अडचण मंत्री नाहीत.

आता प्रत्यक्ष काम.

बहिष्काराची कल्पना कुणीतरी मांडणारच, बहुतेक सगळ्यात तडफदार माणूस. ती तिथेच मोडून काढा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी १९४८ मध्ये टाफ्ट-हार्टली कायद्याखालच्या अशाच मतदानावर बहिष्कार टाकला होता. २६ हजारांहून अधिक मतदार आणि एकही मत पडलं नाही. कामगार चळवळीत ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात, आणि सांगावी अशीच आहे. पण त्या मतदानाचा निकाल कुणावर बंधनकारक नव्हता. तुमच्याकडे मोजतात ते मत देणाऱ्यांचं बहुमत. तीनशेपैकी साठ जणांनी मत दिलं आणि त्यातले एकतीस 'हो' म्हणाले, तर तीनशे जणांचा करार झाला. घरी बसलेला माणूस 'नाही' म्हणालेला नसतो.

मग मतदारयादी. मत देण्याचा हक्क युनिटमधल्या सगळ्या कामगारांना असतो, युनियनचं कार्ड भरलेल्यांनाच नाही. रजेवरचे, अपघातामुळे भरपाईवर असलेले, लेऑफवर असून परत बोलावण्याचा हक्क असलेले, नुकते लागलेले, सगळ्यांची नावं तपासा. कुणाचं नाव यादीत हवं यावर वाद असेल तर तो बोर्डाकडे मतदानाआधी न्या. तुमच्याकडे लांब पल्ल्याचे ड्रायव्हर आहेत, ते हायवेवर आठवडा काढतात आणि मत देण्यासाठीच्या पिन नंबरचं पत्र घरी येऊन पडतं. त्यांच्या घरच्यांना सांगून ठेवा. प्रत्येक शिफ्टला एक माणूस नेमा, ज्याला आपल्या पंधरा-वीस जणांचे फोन पाठ आहेत. ग्रुपवर मेसेज टाकला म्हणजे सांगितलं असं होत नाही.

ऑफरचा मजकूर. कंपनी आकडा पुढे करेल, आणि मोठ्यात मोठा करून. कॅनडा पोस्टचं उदाहरण घ्या. वर्षांनुसार ६, ३, २, २ टक्के. साधी बेरीज १३ होते, पण एकावर एक चढवत गेलं तर १३.५९ होते, आणि जाहिरातीत १३.५९ छापलं होतं. त्यात काही खोटं नाही. पण युनियनची मागणी होती ९, ४, ३, ३, आणि बातम्यांत ती '१९ टक्के' म्हणून आली, म्हणजे साध्या बेरजेने. तोच हिशोब लावला तर ती २०.२६ होते. एका बाजूचा आकडा चढत्या हिशोबाने आणि दुसऱ्या बाजूचा साध्या बेरजेने मांडला की तुलनेला काही अर्थच उरत नाही. त्यात पहिल्या वर्षाच्या ६ टक्क्यांपैकी ५ टक्के डिसेंबरात कामावर परतताना ठरलेल्या वाढीतून मिळाले होते. हातात नवीन काय पडणार, हे टक्क्यांवरून कुणालाच कळत नाही.

तुम्ही एक करा. तुमच्या तीन प्रकारच्या कामगारांच्या पे-स्लिपा घ्या: शहरातला ड्रायव्हर, लांबचा ड्रायव्हर, डॉकवरचा माणूस. नावं झाका. प्रत्येकाला पंधरा दिवसांच्या पगारात किती डॉलर वाढतील, फरकाची रक्कम कर कापून किती हातात येईल, आणि आरोग्य विम्याचा हप्ता वाढतोय तो वजा जाता काय उरतं, एका कागदावर लिहा. ऑफर चांगली निघाली तर तीही तशीच लिहा. आकडे फुगवले की तिसऱ्या दिवशी पेरोलमधला कुणीतरी ते खोडून दाखवतो आणि मग तुमचं पुढचं काहीच कुणी ऐकत नाही.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला कामाच्या नियमांतले तीनच बदल घ्या, जुनं वाक्य आणि नवं वाक्य शेजारी शेजारी. समजा जुन्या करारात 'ट्रिपा सिनिऑरिटीनुसार दिल्या जातील' असं आहे आणि ऑफरमध्ये 'कामाच्या गरजेनुसार, आणि शक्य असेल तेथे सिनिऑरिटीनुसार' असं झालंय. वीस वर्षं नोकरी केलेल्या ड्रायव्हरला यावर भाषण लागत नाही. शुक्रवारी दुपारी आपल्याला कुठली ट्रिप लागेल हे त्याला लगेच दिसतं.

मतदान जाहीर झालं की कंपनीची पत्रं घरी येऊ लागतील. व्हिडिओ येतील, सुपरवायझर शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं बोलू लागतील. मालकाला आपलं मत सांगायचा हक्क आहे. धमकी, आमिष किंवा दबाव यांचा नाही, आणि कमिटीला वगळून एकेकट्या कामगाराशी सौदा करण्याचाही नाही. 'नाही म्हणालात तर हे टर्मिनल बंद होईल' असं कुणी म्हणालं, तर तारीख, वेळ, कोण होतं, नेमके शब्द काय होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही ते वकील ठरवेल. नोंद मात्र तुमच्याच हातची लागते.

आणि 'हो' म्हणणाऱ्यांशी नीट वागा. घराचे हप्ते आहेत, नुकतंच बाळ झालंय, बायकोची नोकरी गेलीय, अशी माणसं 'हो' म्हणतात. त्यांना फितूर ठरवणारा एखादा मेसेज ग्रुपवर फिरला तर त्यांचं मत पक्कं होतं आणि कुंपणावरचे चारजण त्यांच्याकडे जातात. मतदान गुप्त आहे, कोण काय म्हणालं ते तुम्हाला कळणार नाही, कळायलाही नको. कमिटीने आपली शिफारस मात्र एका आवाजात आणि कारणांसकट द्यावी. 'तुम्हीच ठरवा' म्हणणारी कमिटी कंपनीचं काम सोपं करते.

तारखांकडेही बघा. संपाचं मतदान झाल्यापासून ६० दिवसांत संप सुरू करावा लागतो, दोन्ही बाजूंनी लेखी मुदत वाढवली नसेल तर. सरकारी मतदानात महिना-दीड महिना गेला तर ती मुदत हातातून निसटू शकते, मग पुन्हा मतदान घ्या. कॅलेंडरवर आजच खूण करा. २० जून २०२५ पासून केंद्राच्या कायद्याखालच्या कंपन्यांना संपात बदली कामगार आणायला मनाई झाली आहे. माझा अंदाज असा की त्यामुळे मालक पूर्वीपेक्षा जास्त वेळा मंत्र्यांचं दार ठोठावतील, कधी १०८.१ साठी, कधी १०७ साठी. १०७ चं मतदानाशी काही नातं नाही, ते थेट कामावर परतण्याच्या वाटेने जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या केबिन क्रूवर ते संपाच्या पहिल्याच दिवशी वापरलं गेलं आणि त्यांनी आदेश धुडकावला. ते धाडस दहा हजारांच्या युनियनला परवडलं. तीनशे सभासदांच्या स्थानिक शाखेने ते बघून निर्णय घेऊ नये.

आता ते राहिलेलं वाक्य. बहुमताने 'नाही' म्हटलं, मग पुढे काय?

पुढे काहीच आपोआप होत नाही. नकाराने करार मिळत नाही. कॅनडा पोस्टचा निकाल १ ऑगस्टला लागला, त्यानंतर आठवडे गेले. २५ सप्टेंबरला सरकारने घरोघरची टपालवाटप बंद करण्यासकट मोठे बदल जाहीर केले, त्याच दिवशी युनियन पुन्हा संपावर गेली, ऑक्टोबरात आळीपाळीचा संप झाला आणि तत्त्वतः करार व्हायला नोव्हेंबर उजाडला. त्यात पहिल्या वर्षी ६.५, दुसऱ्या वर्षी ३ आणि पुढची तीन वर्षं महागाईइतकी वाढ. नाकारलेल्या ऑफरशी ताडून बघा. पहिल्या वर्षात अर्धा टक्का वाढला, शेवटच्या वर्षांचे ठोकळेबाज २ टक्के जाऊन महागाईचा आधार आला. आणि शनिवार-रविवारी पार्सलं वाटण्याची व्यवस्था कराराच्या चौकटीत आलीच. याला विजय म्हणायचं की नाही यावर तिथल्या लोकांतच दोन मतं असणार. मला वाटतं नकाराने युनियनला टेबलावर जागा राखून दिली. बाकीचं मिळवायला आणखी चार महिने घासावं लागलं.

म्हणून निकालाच्या आधीच कमिटीने दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. एक, कंपनीला त्याच संध्याकाळी पाठवायचं पत्र. आम्ही उद्या दहा वाजता बसायला तयार आहोत, हे आमचे तीन मुद्दे, बाकीवर हलायला जागा आहे. चौदा मुद्दे नको. कामगारांनी चौदा मुद्द्यांसाठी मत दिलेलं नसतं. दोन, कंपनी बसलीच नाही तर काय करायचं: ओव्हरटाइम बंद, एका टर्मिनलवर संप, की सगळं. ते सभासदांना निकालाआधी माहीत असायला हवं.

आणि बहुमत 'हो' म्हणालं तर? कमिटीने राजीनामे फेकायचे का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. करार लागू झाला की त्याची अंमलबजावणी कुणीतरी करून घ्यायची असते, आणि कंपनीने घाईघाईत लिहिलेल्या मजकुरात फटी भरपूर असतात. पहिल्या महिन्यात कुठली ग्रीव्हन्स, म्हणजे करार मोडल्याची लेखी तक्रार, टाकायची, त्याची यादी तुमच्याकडे आधीच तयार आहे. त्या कागदाची मागची बाजू.